मोटरांच्या दुकानातली लेस

पितृपक्ष लागला की बुऱ्हानपूरच्या बुधवारा बाजारातलं माझं दुकान मुकं होतं. मी शेतातल्या मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. उन्हाळ्यात इथे उभं राहायला जागा नसते. तापीकाठच्या केळीवाल्यांना एक दिवसही पाण्याचा खाडा परवडत नाही, म्हणून ते मोटर बैलगाडीत, टेम्पोत, अगदी मोटरसायकलवर मांडीत धरून घेऊन येतात. पण भाद्रपदात विहिरी तुडुंब असतात, शेतं ओली असतात आणि मोटरी गप्प बसतात. त्यात पितरांचे दिवस. नवं काही घ्यायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही. समोरच्या कोपऱ्यावर केळीच्या पानांचे भारे उतरतात, कुणाच्या तरी गच्चीवरून खिरीचा वास येतो, कावळ्यांना हाका घालतात. ऊन पावसाने धुतलेलं, पिवळं आणि चटका देणारं. दुकानात वार्निशचा वास तेवढा जागा असतो.

हा वास आणि हे ऊन एकत्र आलं की माझे कान गरम होतात. दरवर्षी होतात. कोरोनानंतरच्या एका पितृपक्षाने लावलेली सवय आहे ती.

त्या वर्षी मी तंबाखू सोडली होती. आवडीने नव्हे. तोंडात आतून पांढरा चट्टा आला होता आणि गावातल्याच लालबाग भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च विझवून एवढंच विचारलं होतं, "काका, जेवण जास्त आवडतं की तंबाखू?" मी घरी येऊन पुडी गटारात टाकली. तोंडाची तलफ बडीशेपेने भागली, पण हाताची तलफ कशाने भागवायची ते कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, तळहातावर चुना-तंबाखू घेऊन अंगठ्याने चोळायची. दुकानात काम नाही, हातात मोटर नाही, अंगठा नुसता तळहातावर फिरत राहायचा. वेड्यासारखा.

माझी बायको सुनंदा तेव्हा दर गुरुवारी दुपारी लालबागला निर्मला मॅडमकडे जायची. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बैठकीत चारपाच जणी टॅटिंग करायला जमायच्या. टॅटिंग म्हणजे होडीच्या आकाराच्या बोटभर शटलवर दोरा गुंडाळायचा आणि डाव्या हाताच्या बोटांभोवती घेतलेल्या दोऱ्यावर गाठीला गाठ लावत लेस करायची. सुई नाही, मशीन नाही. सुनंदाने महिनाभर प्रयत्न केला आणि शटल बिस्किटाच्या डब्यात टाकून दिलं. "गाठ पलटतच नाही," म्हणाली. तरी गुरुवारी जात राहिली, मैत्रिणींसाठी.

तो डबा मी उघडला तो सुतळी शोधायला. शटल हातात घेतलं आणि अंगठा त्याच्या पोटावर असा बसला, की माझं मलाच हसू आलं. मी ते खिशात घालून दुकानात नेलं.

गाठ पलटणं म्हणजे काय हे कळायला मला बरेच दिवस लागले. गाठ मारतो एक दोरा, पण मारून झाल्यावर ती दुसऱ्या दोऱ्यावर जाऊन बसायला हवी. त्यासाठी एका क्षणी डावा हात ढिला सोडायचा आणि उजवा ताणायचा. न सोडता ओढलं तर गाठ तिथेच गच्च होते, मग सोडवता येत नाही, कात्री लावावी लागते. तारेला सैल सोडायची माझ्या हाताला सवय नव्हती, तांब्याची तार सैल ठेवली की कॉइल बिघडते. एका दुपारी कावळे ओरडत होते, वीज गेलेली, मी कंटाळून बोटं सैल सोडली, आणि टुक्. गाठ उडी मारून पलीकडे गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. मग ओळीने गाठी, मधे दोऱ्याचा छोटासा कान सोडायचा, पुन्हा गाठी. शेवटी दोरा ओढला आणि माझ्या काळ्या बोटांत एक पांढरं कडं मिटलं. चवलीएवढं. मी ते दुकानाच्या दारात उजेडाला धरून पाहिलं आणि लगेच आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

आनंद आणि लाज त्या दिवसापासून जोडीनेच आली. मी दुकानाच्या मागच्या भिंतीला, जुन्या मोटरींच्या ढिगाआड स्टूल टाकून बसायला लागलो. पायरीवर पाऊल वाजलं की दोरा-शटल एका रिकाम्या मोटरीच्या पोटात. एकदा जवळच्या चांदनी गावचे प्रल्हादभाऊ, माझं जुनं गिऱ्हाईक, पाऊल न वाजवता आले. "भाऊ, अंधारात काय करून राह्यले?"

"काही नाही. कॉइल पाहतो आहे."

"पांढऱ्या दोऱ्याची?"

मी म्हणालो, बांधायचा दोरा आहे. कॉइलला दोरा बांधतातच, खोटं वाटण्यासारखं नव्हतं. ते मानलेही. पण ते गेल्यावर मी कितीतरी वेळ हात धुतले. कुणी चोरी करताना पकडावं तसं मला झालं होतं, आणि चोरलं तर काहीच नव्हतं.

सुनंदाला मात्र माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं. कपाखाली ठेवायची गोल जाळी होती, कडांना सात पाकळ्या. मला वाटलं आता हसेल. ती दिव्याखाली जाऊन उभी राहिली, जाळी उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, "अहो, तुमच्याकडून गाठ पलटते?"

त्या आवाजात जे होतं ते मला तंबाखूच्या पुडीत कधी मिळालं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती जाळी पर्समध्ये घालून लालबागला गेली. नुसती दाखवायला. संध्याकाळी आली ती पायरीवरच बसली, चपलाही काढल्या नाहीत.

"काय झालं गं?"

"मॅडमनी चष्मा लावून पाहिली. म्हणाल्या, सुनंदा, बसला गं तुझा हात शेवटी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बोलताच आलं नाही हो."

"मग?"

"मग काय. पुढच्या गुरुवारी मी त्यांना पाकळी शिकवायची आहे." ती पदराने चेहरा पुसत होती. "माझ्याच मैत्रिणी. मला इतकी लाज वाटते आहे."

"सांगून टाक ना खरं."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगू? की माझा नवरा करतो? चालेल तुम्हाला?"

 तिला माझं उत्तर माहीत होतं म्हणूनच ती तिथे गप्प बसली होती, हे मला त्या पायरीवर कळलं. तिचं गप्प बसणं माझ्या वाट्याचं होतं.

गुरुवारी मी दुकान लवकर बंद केलं. हात आधी रॉकेलने, मग कपड्याच्या साबणाने घासले. नखांच्या कडेचं वार्निश निघालं नाही. सुनंदाला मागे बसवून स्कूटर लालबागला घेतली, आणि वाटेत मला असं वाटत होतं की सगळं बुऱ्हानपूर माझ्या खिशाकडे बघतं आहे.

मॅडमच्या बैठकीत पंखा चालू होता, त्याखाली पांढरे, गुलाबी, आकाशी दोरे. मला पाहून सगळ्यांनी पदर सावरले. बँकेत काम करणारी रेखा उठून म्हणाली, "काका, बसा ना. काकूंना सोडायला आलात?"

सुनंदाने श्वास घेतला. "ती जाळी मी नाही केली. यांनी केली आहे. मी त्या दिवशी बोलले नाही, माझं चुकलं."

रेखाला हसू आलं. वाईट हसू नव्हतं, तोंडातून निसटलं, आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. पण माझ्या कानांत ते तापल्या तारेसारखं शिरलं. मॅडम म्हणाल्या, "मग दाखवा की. आम्हाला तर पाकळीशी मतलब."

मी शटल काढलं. पाच बायकांच्या नजरा, मधे माझे हात. गाठ, गाठ, कान, गाठ. बोटं घामेजली होती, एक गाठ पलटली नाही आणि मला कळलंही नाही. शेवटी दोरा ओढला तर कडं अर्ध्यावर अडकलं. मी ओढत राहिलो. दोरा तुटला. पांढऱ्या दोऱ्यावर माझ्या बोटांचा काळा ठसा उमटला होता. मला वाटलं, उठावं आणि स्कूटरही न घेता चालत घरी जावं.

तेव्हा शोभा वहिनी बोलल्या. त्या चांदनीहून गाडीने यायच्या, त्याच प्रल्हादभाऊंच्या घरातल्या. मला माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. त्यांनी आपली पिशवी उलटी केली. आतून तुटकी, अडकलेली, अर्धवट कडी पडली, मूठभर. सगळ्यांवर तपकिरी डाग.

"केळीचा चीक हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "हाताचा जातच नाही. माझ्या लेसले कधी पांढरी पाहिली का कोणी? काढा दुसरा दोरा."

मी दुसरा दोरा काढला.

त्यानंतरचे गुरुवार आठवले की आजही छातीत काही हलकं होतं. रेखाने मला दोन दोऱ्यांची साखळी शिकवली आणि शिकवताना मला इतकं रागावली, की तिच्या हसण्याचं देणंघेणं तिथेच फिटलं. मॅडम मोबाइलवर नमुना मोठा करून दाखवायच्या आणि आम्ही सगळे माना वाकवून तो वाचायचो. दुकानात मोटरीत घालायची फायबरची पत्री असते, तिच्यातून मी सगळ्यांना शटलं कापून दिली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. कुणाचा दोरा संपला तर दुसरीच्या रिळातून जायचा, कुणाची पाकळी चुकली तर सगळ्या मिळून कुठे चुकली ते शोधायच्या. बोलणं जे चालायचं ते सुना, गॅस, दुखरे गुडघे यांचं, माझ्या असण्याने ते थांबायचं नाही. पुरुषमाणूस म्हणून मला कुठल्याच चौकात इतकं ऐकायला मिळालं नव्हतं. सुनंदा काही करायची नाही, ती दोरे गुंडाळून द्यायची आणि माझ्याकडे अधूनमधून बघायची, घरात बघायची तसं नाही, वेगळं.

पण गुरुवारची बैठक लालबागेत आणि दुकान बुधवाऱ्यात. मधलं अंतर फार नाही.

दसरा झाल्याझाल्या प्रल्हादभाऊ दुकानात आले तेव्हा पायरीवर आणखी दोघंतिघं शेतकरी बसले होते. "भाऊ," ते मोठ्याने म्हणाले, "आमच्या बाईले लेस शिकवून राह्यले म्हणे तुम्ही? मग माझ्या मोटरलेही एक झालर लावून द्या!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, आणि त्या हसण्याची लाज मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त वाटली.

घरी माझा मुलगा निखिल वाट बघत होता. तो एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात काम करतो, गाडीवर फिरून गावोगाव वसुली बघतो, सगळ्या बाजाराशी त्याची ओळख. "पप्पा यार, ये क्या सुन रहा हूँ मैं? चौकात लोक मला विचारतात, पप्पा काय विणतात म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, टॅटिंग करतात."

"मतलब लोग हंस रहे हैं और आप…" तो थांबला. रागात तो हिंदीत जातो, आणि वडिलांशी भांडायला ती भाषा त्याला जरा परकी, जरा सोपी पडत असावी. मग हळू आवाजात म्हणाला, "रविवारी रावेरचे पाहुणे येणार आहेत. निदान तेव्हा ते दोरे-बिरे आत ठेवा. प्लीज."

मी ठेवले. सगळे. रिळं, शटलं, नमुन्यांचे कागद, सगळं गाठोडं करून गादीखाली. मुलाच्या लग्नाची गोष्ट होती.

पाहुणे आले. मुलगी, तिचे वडील, आई. मुलगी निखिलशी दोन शब्द बोलली, तो लाजला, मला बरं वाटलं. सुनंदा मावा जिलेबीचा ट्रे घेऊन आली आणि मी बघतच राहिलो. ट्रेवर मी केलेल्या लेसचा रुमाल होता. तिने मुद्दाम केलं नव्हतं. घरातलं सगळ्यांत चांगलं कापड तिने काढलं होतं, इतकंच.

मुलीच्या आईने कड बोटांत धरली. "अगंबाई, टॅटिंग! किती वर्षांनी पाहिलं. माझी आई करायची. कुणी केलं?"

निखिलने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "मीच. असंच, फावल्या वेळात."

"मला दाखवाल? ती गाठ पलटणं मला कधी जमलंच नाही हो. आई गेली, राहूनच गेलं."

सुनंदाचा चेहरा त्या पायरीवरच्या संध्याकाळसारखा झाला. दुसऱ्यांदा ती माझ्यासाठी खोटं बोलली होती आणि दुसऱ्यांदा अडकली होती. मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो. पण तोंडातून गेलं, "मी केलंय ते. तिला येत नाही."

मुलीचे वडील हसले, त्यांना गंमत वाटली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं.  निखिल मोबाइलकडे बघत होता, मोबाइल बंद होता. वडिलांनी जिलेबीचा तुकडा बशीत ठेवला आणि अगदी सभ्यपणे, काळजीने विचारलं, "दुकान… चालतं ना नीट?"

आजपर्यंत मला पुष्कळ जण बोलले असतील, पण त्या एका प्रश्नाने मी जितका खाली गेलो तितका कशानेच नाही. चालतं, म्हणालो. चांगलं चालतं. मुलीची आई तेवढी रुमालावरून बोट फिरवत बसली होती, पण तिने पुन्हा काही विचारलं नाही.

काही दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलीला पुढे शिकायचं आहे म्हणे. असेलही. खरोखर शिकायचं असेल. मी आजही स्वतःला तेच सांगतो, आणि आजही माझा विश्वास बसत नाही. निखिल जेवताना एवढंच म्हणाला, "मी बोललो होतो," आणि ताटावरून उठला नाही, पूर्ण जेवला, पण मान वर न करता.

लपवण्याची लाज मला ओळखीची झाली होती. खरं बोलल्याची लाज असते हे मला तेव्हा कळलं, आणि ती जास्त जड असते, कारण ती आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. मी मुलाच्या डोक्यावर ठेवली होती. सुनंदाच्या हाती मी सगळी रिळं मॅडमकडे परत पाठवली. दोन गुरुवार गेलो नाही. अंगठा पुन्हा तळहातावर फिरायला लागला. एकदा तर पानाच्या टपरीसमोर उभा राहिलो होतो, पुडी मागणार, इतक्यात टपरीवाल्याने ओळखून विचारलं, "काय लेसवाले?" आणि मी तसाच परत फिरलो.

यंदाच्या पितृपक्षातही हे सगळं एकाच झटक्यात आठवतं, गच्चीवरच्या खिरीच्या वासाबरोबर. दुःख असतं तर ते झिजलं असतं. लाज झिजत नाही, ती गुळगुळीत होते, वर्षानुवर्षं हाताळलेल्या शटलसारखी.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. रब्बीच्या मोटरी अजून यायच्या होत्या. दुपारी दुकानासमोर एक ऑटो थांबला आणि त्यातून निर्मला मॅडम उतरल्या. मागून रेखा, ऑफिसातून हाफ डे घेऊन. मागून शोभा वहिनी, पिशवी छातीशी धरून. सगळ्यांत शेवटी सुनंदा, जिने मला सकाळी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"गुरुवार आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे रंगकाम काढलंय. बसायला जागा नाही."

रंगकाम नव्हतं. मला माहीत होतं.

त्या बसल्या. मॅडम माझ्या खुर्चीवर, शोभा वहिनी शेतकऱ्यांच्या बाकड्यावर, सुनंदा तारेच्या खोक्यावर. पिशव्यांतून दोरे निघाले. भर दुपार, भर बुधवारा, दुकानाचं शटर पूर्ण वर. समोरचा कापडवाला उठून उभा राहून बघत होता. येणारे-जाणारे पाय मंद करत होते. माझ्या मांडीवर मॅडमनी माझीच रिळं ठेवली. "तुमच्याशिवाय त्या चौकोनी नमुन्याचा कोपरा कुणाला वळत नाही," म्हणाल्या. "रागावायचं तर नंतर रागवा."

मी रागावलो नव्हतो. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं, बाजारात बसून, आपली नावं लोकांच्या तोंडी देऊन. आणि मी त्यांच्याकडे मान वर करून बघूही शकत नव्हतो. शटल उचललं. कोपरा वळवायला घेतला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे निखिलची गाडी थांबली. तो दुपारी कधीकधी डबा न्यायला येतो. हेल्मेट काढून तो तसाच उभा राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, त्याच्यामागे ऊन होतं. समोरच्या कापडवाल्याने त्याला काहीतरी विचारलं, हसत. निखिलने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

मग तो रस्ता ओलांडून आला. रेखा उभी होती, तिला बसायला जागा नव्हती. निखिलने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांत शेवटी माझ्या हातांकडे. शर्टाच्या बाह्या वर केल्या, कोपऱ्यातल्या ओट्यावरची एक भलीमोठी मोटर दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि श्वास रोखून बाजूला सरकवली. ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या ऑइलचा पट्टा उमटला. रिकाम्या झालेल्या ओट्यावर त्याने आपला रुमाल अंथरला.

"बसा ताई."

मग त्याने मान वर केली. छताकडे बघत होता, तिथे एकच ट्यूब, धुळीने माखलेली, कितीतरी दिवसांपासून अर्धीच पेटणारी.

"पप्पा," तो वरच बघत म्हणाला, "इलेक्ट्रिकचं दुकान आहे ना आपलं? इतक्या अंधारात यांना दोरा कसा दिसणार?"

आणि स्टूल ओढून वर चढला.